निवांतपणाची रंगीत तालीम

"मला आठवडाभर कुणीही माझ्यासमोर तोंड उघडायला नकोय," असं बायको म्हणाली, तेव्हा साहेबांनी आधी ते स्वतःला लावून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की ती दातांची डॉक्टर आहे. सकाळी दवाखाना उघडला की लोक ओळीनं येतात, खुर्चीत आडवे होतात आणि आ वासतात. संध्याकाळी घरी यावं तर तिथेही तीच तऱ्हा. थोरलीला क्लासला सोडायचं असतं, धाकट्याला काहीतरी सापडत नसतं, आणि आज कारखान्यात काय काय पेटू शकलं असतं पण पेटलं नाही, हे नवऱ्याला सविस्तर सांगायचं असतं.

"एखादं बेट बघ," ती म्हणाली. "समुद्र, वाळू, नारळाची झाडं. मी झाडाखाली पडून राहणार. मुलं वाळूत खेळतील. मला कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही मागायचं नाही. बास."

"सोड माझ्यावर," साहेब म्हणाले.

ती फार थकली होती, म्हणून तिनं सोडलं. एरवी एवढी शहाणी बाई असली चूक करती ना.

साहेब एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. अपघात होऊ न देणं हे त्यांचं काम, आणि अपघात होत नसल्यामुळे ते नेमकं काय करतात हे कारखान्यात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तालमीशिवाय कुठलीही गोष्ट करणं हा त्यांना बेजबाबदारपणाचा कळस वाटे. आगीची तालीम, वायुगळतीची तालीम, पुराची तालीम. कारखान्यातले कामगार या तालमींना इतके सरावले होते, की भोंगा वाजला की चहाचा कप हातात घेऊनच शिस्तीत बाहेर पडत. घरातही निराळा प्रकार नव्हता. भूकंप झाला तर कुणी कुठल्या टेबलाखाली शिरायचं, हे धाकट्याला बाराखडीच्या आधी येत होतं. साहेबांच्या गळ्यात शिट्टी कायम असे, अगदी सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. इमारतीतली पोरं त्यांना शिट्टीकाका म्हणत आणि ते त्यांना आवडत असे.

मागच्या सुट्टीत डोंगरावर गेले असताना त्यांनी रस्ता चुकल्याची तालीम घेतली होती. ती इतकी हुबेहूब झाली, की सगळं कुटुंब शेवटी गुराख्याच्या मागोमाग परत आलं. बायकोनं तेव्हाच कानाला खडा लावला होता. याही वेळी तिला विश्रांती मिळाली नाही, तर ती पुन्हा आपल्याबरोबर कोपऱ्यावरच्या बागेतदेखील येणार नाही, हे साहेब पुरतं ओळखून होते. शिवाय बायकोवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. हे आताच सांगून टाकायला हवं, कारण पुढे ते ओळखू येणं जरा कठीण आहे.

तर साहेब कामाला लागले. त्यांनी निवांतपणाचं वेळापत्रक केलं. न्याहारीनंतर निवांत बसणे, मग किंचित हालचाल, मग पुन्हा निवांत बसणे, मग पाणी पिणे. बेटावरचे सगळे धोकेही त्यांनी शोधून काढले. डोक्यात पडणारा नारळ, पायात घुसणारा शिंपला, अंगावर येणारी लाट. पण यातला सगळ्यांत मोठा धोका घरातच होता. धाकट्याला पायाला काही लागलेलं चालत नसे. मोज्यात एक खडा गेला तरी तो सगळं घर डोक्यावर घेई. आणि वाळू म्हणून त्यानं आजवर पाहिली नव्हती. बेटावर पाय ठेवल्या ठेवल्या यानं भोकाड पसरलं, तर बायकोच्या विश्रांतीचं काय?

वाळूची तालीम घ्यायला हवी होती.

साहेबांनी कारखान्याच्या बांधकाम ठेकेदाराला फोन लावला. "अहो, जरा थोडी वाळू मिळेल का?"

पलीकडे ठेकेदार सावरून बसला. त्यानं बांधकामासाठी उभारलेल्या बांबूच्या परांचीची मंजुरी कितीतरी दिवस साहेबांच्या टेबलावर अडून बसली होती. साहेब कुणाकडून चहासुद्धा घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती. अशा माणसाच्या तोंडून 'जरा थोडी' हे शब्द ऐकायला ठेकेदाराचे कान वर्षानुवर्षं आसुसलेले होते.

"थोडी म्हणजे कितपत, साहेब?"

"मुलांना खेळण्यापुरती हो. आणि पैसे मी देणार."

"समजलं, साहेब," ठेकेदार म्हणाला. "अगदी समजलं."

शनिवारी साहेबांना सुट्टी असे, आणि बायकोचा मात्र दवाखान्यातला सगळ्यांत गर्दीचा दिवस असे. साहेब दाढी करत होते तेवढ्यात फोन वाजला. "साहेब, माल कुठं टाकू?"

"गेटच्या आत घ्या. पार्किंगच्या तोंडाशी ठेवून द्या. मी आलोच," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर एक पोतं होतं. फार तर दोन.

अर्ध्या गालाला साबण ठेवून ते खाली आले, तेव्हा ट्रकची तिरकी झालेली पाठ हळूहळू खाली येत होती. समोर वाळूची टेकडी उभी होती. ड्रायव्हरनं खिडकीतून सलाम ठोकला. "शेठ म्हणाले, कमी पडली तर सांगा, आणखी एक खेप टाकतो," असं म्हणून तो गेलासुद्धा.

टेकडी नेमकी पिवळ्या पट्ट्यांवर उभी होती. हे पट्टे साहेबांनीच भांडून मारून घेतले होते, आणि 'आपत्कालीन मार्ग, येथे काहीही ठेवू नये' हे उभं राहून रंगवून घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बायकोच्या फुलझाडांच्या कुंड्या तिथून हलवायला लावल्या होत्या. आता ओळीतलं 'नये' ढिगाखाली गाडलं गेलं होतं आणि बाकीचं स्वच्छ वाचता येत होतं.

सेक्रेटरी हजर झालेच. त्यांनी ढिगाभोवती एक संथ फेरी मारली. माणसाच्या आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत, त्यामुळे त्यांना कसलीही घाई नव्हती.

"घर बांधताय वाटतं?"

"नाही हो. तालीम आहे."

"कसली?"

"निवांत बसण्याची."

"असं," सेक्रेटरी म्हणाले. "आणि आग लागली तर बंब कुठून न्यायचा? की वाळूनंच विझवू?"

साहेबांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. पण उचलायला गाडी सोमवारशिवाय मिळणार नव्हती. "कमी पडली का साहेब?" ठेकेदारानं काळजीनं विचारलं.

"अहो, जास्त झाली! ढीगभर झाली!"

"तुम्ही पण ना, साहेब," ठेकेदार म्हणाला, आणि खूप वेळ प्रेमानं हसला.

इतक्यात खांद्याला पर्स लावून बायको खाली आली. तिनं ढीग पाहिला. मग ढिगापलीकडे भिंतीला लागून उभी असलेली आपली गाडी पाहिली. मग अर्ध्या गालाला साबण लावलेला नवरा पाहिला.

"हे काय आहे?"

"वाळू."

"ते दिसतंय मला."

"अगं, तिकडे तुला त्रास व्हायला नको ना," साहेब कळवळून म्हणाले. "म्हणून म्हटलं, सगळा त्रास इथंच करून घ्यावा."

बायकोनं घड्याळात पाहिलं. "टॅक्सी बोलावू का?" साहेबांनी विचारलं.

"नको. तू आता काहीही बोलावू नकोस."

तिनं दवाखान्यातल्या मदतनीस मुलीला फोन करून काहीतरी सांगितलं आणि भिंत नि ढीग यांच्या फटीतून अंग चोरत ती गाडीकडे गेली. गाडीतलं काही घेऊन ती मागच्या छोट्या दारानं बाहेर पडेल आणि टॅक्सी धरेल, असं साहेबांनी गृहीत धरलं. तिकडे आणखी लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. तालमीची वेळ झाली होती.

प्रथमोपचाराची पेटी उघडून ठेवून धाकट्याचे बूट-मोजे काढण्यात आले. त्यानं संशयानं एक अंगठा वाळूत टेकवला. साहेबांनी श्वास रोखला. धाकट्यानं दुसरा पाय टेकवला, दोन्ही पायांकडे पाहिलं, आणि मग एक आरोळी ठोकून त्यानं ढिगावर सूर मारला. बघता बघता तो कानापर्यंत वाळूनं माखला. एका बाजूनं तो दोन्ही हातांनी बीळ खणू लागला, तेव्हा साहेबांना भरून आलं. बायकोला ही बातमी कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं.

ओरडा ऐकून इमारतीतली झाडून सगळी पोरं खाली उतरली. साहेबांनी ढिगाभोवती दोरी बांधली आणि नियम पुकारले. ढिगावर एका वेळी चौघांनीच चढायचं. उतरताना उजवीकडून उतरायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर वाळू टाकण्याआधी त्याला डोळे मिटण्याची सूचना द्यायची. पोरांनी यातला एकही नियम पाळला नाही, पण त्यांची भारी करमणूक झाली. वर गॅलऱ्यांतून आईबाप शांतपणे चहा पीत होते, कित्येक शनिवारांत पहिल्यांदाच. सेक्रेटरी तेवढे गेटात ठाण मांडून बसले होते, आणखी एखादा ट्रक येतो की काय म्हणून.

इथं थांबायचं की नाही माणसानं? पण यश साहेबांच्या डोक्यात गेलं. वाळूची तालीम झाली, आता किनाऱ्यावर मूल हरवण्याची तालीम का घेऊ नये? त्यांनी धाकट्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "तू कुठंतरी लपून बस. तीनदा शिट्टी वाजली की बाहेर यायचं. ताईला सांगायचं नाही हं."

धाकटा खुशीत पसार झाला. भाऊ दिसत नाही हे ओळखून थोरलीनं ताबडतोब वर्दी देणं अपेक्षित होतं. थोरली कठड्यावर फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती आठवीत होती, त्यामुळे तिला आजूबाजूचं जग फारसं दिसत नसे. साहेब तिच्यासमोरून एक चक्कर मारून आले. मग खाकरले.

"तुला आत्ता काही वेगळं जाणवतंय का?"

"हो. नेट स्लो आहे."

"आणखी? काही कमी असल्यासारखं?"

"बाबा, तुमच्या एका गालाला साबण आहे."

बराच वेळ वाट पाहून साहेबांनी हात टेकले. "अगं, तुझा भाऊ कुठाय?"

"असेल इथंच."

साहेबांनी उसासा टाकला आणि तीनदा शिट्टी वाजवली. सगळी पोरं थबकली. वॉचमन धावत आला. धाकटा आला नाही.

साहेबांनी पुन्हा तीनदा वाजवली. मग जोरात वाजवली. मग जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पंपाच्या मागे शोध झाला. "गेटातून गेलेला नाही," सेक्रेटरी ठामपणे म्हणाले. "मी सकाळपासून हललेलो नाही." मागचं दार पाहिलं, तर त्याला आतून कडी होती. म्हणजे पोरगं आवारातच होतं, आणि आवारात तर कुठंच नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरची एक चिमुरडी म्हणाली, "तो वाळूत घर करत होता. म्हणाला, आत जाऊन बसणार."

सगळ्यांनी ढिगाकडे पाहिलं. धाकटा ज्या बाजूनं बीळ खणत होता, ती बाजू ढासळून सपाट झाली होती.

वाळूचा ढीग अंगावर येऊन माणूस कसा घुसमटतो, हे साहेब दरवर्षी नव्या कामगारांना चित्रं दाखवून सांगत. त्यांनी दोरी तोडली आणि गुडघ्यांवर पडून दोन्ही हातांनी ते उकरू लागले. "बाळा! अरे बाळा!" त्यांच्या नखांतून रक्त येत होतं, त्यांना रडू फुटलं होतं, आणि त्यांना यातलं काही कळत नव्हतं. सेक्रेटरी धावत जाऊन आपल्या बायकोचं खुरपं घेऊन आले नि त्यांच्या शेजारी बसून वाळू उपसू लागले. गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. लोक बादल्या, परड्या, केराची सुपली, हाताला लागेल ते घेऊन आले. वाळू चहूकडे उडत होती.

थोरलीनं फोन कुठं टाकला कोण जाणे. तीही उकरत होती. "बाबा, ही तालीम आहे ना?" ती रडत विचारत होती. "बाबा, सांगा ना, तालीमच आहे ना?"

"नाही गं," साहेब म्हणाले. "नाही."

खट्ट करून गाडीचं दार उघडलं.

"काय चाललंय?" बायको म्हणाली. तिचे केस विस्कटले होते आणि गालावर सीटच्या शिवणीचा वळ उठला होता. तिच्या मागून डोळे चोळत धाकटा उतरला.

हातांतल्या बादल्या हातांतच राहिल्या. साहेब धडपडत गेले आणि धाकट्याला त्यांनी इतकं घट्ट आवळलं, की तो ओरडला. त्याला सोडून त्यांनी एकदा सगळीकडून चाचपून पाहिलं आणि पुन्हा आवळलं.

"शिट्टी ऐकू आली नाही का रे तुला?" ते कसेबसे म्हणाले.

"आली ना. मी उठत होतो," धाकटा म्हणाला. "आई म्हणाली, झोप. ती काय, रोजचीच आहे."

"पण वहिनी, तुम्ही गाडीत काय करत होता?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांच्या भुवयांना वाळू चिकटली होती.

"झोपले होते. गाडी तर निघणार नव्हती. म्हटलं पाच मिनिटं बसू. सीट मागे केली आणि डोळाच लागला. मग कधीतरी हा आत आला, तोही झोपला."

"एवढ्या कोलाहलात?"

"शिट्टी सोडली तर काही ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "मी कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं."

हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते साहेबांनी पाहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ती अशी दिसायची. अशी ती बेटावर पुन्हा दिसेल, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

सगळ्या इमारतीनं मिळून उपसल्यामुळे ढीग आवारभर पसरला होता आणि गाडीला वाट मोकळी झाली होती. सेक्रेटरी काही बोलणार होते, पण त्यांनी साहेबांच्या हातांकडे पाहिलं आणि खुरपं झटकत ते घरी गेले.

संध्याकाळी मुलांच्या आंघोळीनं न्हाणीघराची मोरी तुंबली. ती मोकळी करून साहेब बायकोसमोर येऊन बसले. निवांतपणाचं वेळापत्रक त्यांनी तिच्यादेखत फाडून टाकलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आता काही ठरवायचं नाही, कसली तालीम नाही. तू फक्त झाडाखाली पडायचं. मुलांचं सगळं मी बघतो."

"सगळं?"

"सगळं. आंघोळी, खाणंपिणं, भांडणं. तुझ्याकडे कुणी फिरकणारसुद्धा नाही. शप्पथ."

बायको विचारात पडली. पडली ती बराच वेळ पडली.

"मग मी तिथं येऊन काय करू?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तू मुलांकडे बघणार. मुलं वाळूत खेळणार. मला कुणी काही मागणार नाही. मग हे सगळं मी घरी थांबूनही होतंय की. उलट इथं जास्त चांगलं होतंय."

"अगं, पण समुद्र?"

"समुद्राकडे माझं काही काम नाही."

"नारळाचं झाड?"

"पंखा आहे."

"आणि एकटी राहणार तू?"

"एकटी," बायको म्हणाली. तो शब्द तिनं अगदी चवीनं उच्चारला. मुद्दा बिनतोड होता. सुरक्षेच्या दृष्टीनं पाहिलं तरी त्यात कुठं खोट नव्हती.

थोरलीनं एकदा लाडीगोडी लावून पाहिली. "आई, मी पण राहते ना तुझ्याजवळ. मी काही बोलणार नाही."

"तू जायचंस," आई म्हणाली. "बाबांकडे लक्ष कोण देणार?"

जायचा दिवस उजाडला. तिघांच्या बॅगा बायकोनं आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवल्या होत्या, आणि तिला एवढ्या उत्साहानं काही आवरताना साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या क्षणी तिचा पाय निघणार नाही, तिला गलबलून येईल, अशी त्यांना आतून आशा होती. तेवढ्यासाठी त्यांनी तिचे दोन कपडे गुपचूप आपल्या बॅगेत घालूनही ठेवले होते. टॅक्सी दाराशी आली तरी ते रेंगाळले.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. "तू पटकन तयार झालीस तर थांबेल तो."

"नीट जा," ती म्हणाली. तिनं मुलांचे मुके घेतले, साहेबांची कॉलर सारखी केली. "आणि फोन करू नका." मग तिला जरा वाईट वाटलं असावं. "म्हणजे, अगदीच गरज पडली तर करा. पण पडू देऊ नकोस."

टॅक्सी निघाली. साहेब पुढे बसले होते. मागे वळून पाहावं असं फार वाटत होतं, पण डोळे ओले झालेले मुलांना दिसायला नको होते.

"बघ गं," ते थोरलीला म्हणाले, "आई अजून हात हलवतेय का?"

थोरली मागच्या काचेला नाक लावून बघत होती. "नाही."

"रडतेय का?"

"फाटकात नाहीच आहे ती. आत गेली."

"एवढ्यात?" साहेबांनी विचारलं. "अगं, दिसली नसेल तुला. लिफ्टपाशी उभी असेल."

"नाही हो, बाबा. जिन्याच्या काचेतून दिसली ना मला," थोरली म्हणाली. "लिफ्टसाठी थांबलीच नाही. एकाआड एक पायरी गाळत पळत गेली वर."